जंताची गोळी आणि तिची हद्द

वर्षातून दोनदा, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास, आपल्या देशात एक अचाट गोष्ट घडते. कोट्यवधी मुलं एकाच दिवशी एकच औषध खातात. अंगणवाडीत सेविका ते देतात, शाळेत वर्गशिक्षक. कुणाचं पोट तपासलेलं नसतं, कुणाची शौचाची तपासणी झालेली नसते, कुणाच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. वय १ ते १९ च्या मधलं असलं आणि मूल त्या दिवशी आजारी नसलं, की गोळी हातावर. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. चावून खायची, वर पाणी प्यायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला अर्धी, तीही कुटून. २०१५ साली सुरू झालेला हा ‘राष्ट्रीय जंतनाशक दिन’ आता इतका अंगवळणी पडला आहे, की त्यातलं नवल कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण जरा विचार करा. पाचवीतली पंचवीस किलोची मुलगी आणि बारावीतला, मिसरूड फुटलेला, सत्तर किलोचा मुलगा, दोघांना गोळी एकच! एरवी तापाचं औषधसुद्धा आपण वजन बघून देतो, मग इथे वजन गेलं कुठे? आणि शिक्षकांनी दिलेली गोळी जर चालते, तर पोट दुखतंय म्हणून सोळा वर्षांच्या मुलाने कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तीच गोळी आणून खाल्ली तर काय बिघडलं?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मिळवायचं तर आधी ज्याला मारायचं त्या प्राण्याला भेटायला हवं, कारण त्याचं आयुष्य कुठल्याही रहस्यकथेपेक्षा चक्रावून टाकणारं आहे.

गोलकृमीपासून सुरुवात करू. जंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हाच, पांढरट गुलाबी, वीत-दीड वीत लांब. याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दिवसाला! ही अंडी शौचावाटे बाहेर पडतात, पण गंमत अशी की ताजं अंडं कुणाला काहीच करू शकत नाही. त्याला दोन-तीन आठवडे मातीत मुरावं लागतं. ऊब हवी, ओल हवी, सावली हवी. मगच त्याच्या आतली अळी तयार होते. म्हणजे हा जंत एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागतच नाही, मधली मातीची पायरी त्याला चुकवता येत नाही. मातीतून तो येतो न धुतलेल्या कोथिंबिरीवरून, शेतातून उपटून तसंच खाल्लेल्या गाजरावरून, खेळून आलेल्या मुलांच्या नखांतून.

अंडं गिळलं गेलं की लहान आतड्यात ते फुटतं आणि अळी बाहेर येते. तिला पुढचं सगळं आयुष्य याच आतड्यात काढायचं असतं. खाणं समोर आहे, ऊब आहे. मग ती काय करते? निघून जाते! आतड्याची भिंत पोखरून ती रक्तात शिरते, यकृतात जाते, तिथून हृदयात, हृदयातून फुप्फुसात. फुप्फुसात दहा-चौदा दिवस वाढते, श्वासनलिकेतून वर सरकत घशापर्यंत येते आणि आपण तिला नकळत पुन्हा गिळतो. एवढा फेरा मारून ती पोचते कुठे? जिथून निघाली होती त्याच आतड्यात. आता मात्र ती तिथे स्थिरावते. गिळल्यापासून दोन-तीन महिन्यांत मोठी होऊन अंडी घालू लागते आणि वर्ष-दोन वर्षं जगते.

हे कुणाला कसं कळलं? जपानमधले बालरोगतज्ज्ञ शिमेसु कोइनो यांनी १९२२ साली गोलकृमीची दोन हजार अंडी स्वतः गिळली. थोड्याच दिवसांत त्यांना न्यूमोनियासारखा त्रास सुरू झाला आणि त्यांच्या थुंकीत चक्क अळ्या सापडल्या. पोटातला जंत छातीतून जातो, हे त्यांनी स्वतःच्या छातीवर सिद्ध केलं. हे वाचून अंगावर काटा येतो आणि हातही जोडले जातात.

या प्रवासाचा गोळीशी थेट संबंध आहे. गोळी आतड्यात काम करते. ज्या दिवशी तुम्ही ती खाता त्या दिवशी ज्या अळ्या फुप्फुसात भटकत असतात, त्या बहुतेक वाचतात आणि काही दिवसांनी खाली येऊन संसार थाटतात. वर मातीतली नवी अंडी आहेतच. गोळी एकदाच घेऊन भागत नाही, ते या दोन कारणांमुळे.

दुसरा प्राणी अंकुशकृमी. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांब, पण याची आत यायची रीत ऐका. १८९८ च्या सुमारास कैरोमध्ये आर्थर लूस नावाचे जर्मन शास्त्रज्ञ गिनीपिगच्या तोंडात या कृमीच्या अळ्यांचं पाणी घालत होते. थोडं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. त्या जागी आग झाली, खाज सुटली, कातडी लाल झाली. पुढे त्यांना स्वतःच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी दिसली. तोंडाने काहीही न गिळता! अळी कातडीतून शिरते ही कल्पना तोवर कुणालाच पटली नसती. ओल्या मातीत दबा धरून बसलेली ही अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते, तीही फुप्फुसातून घशात आणि घशातून आतड्यात जाते, आणि तिथे भिंतीला चावा घेऊन रक्त पिऊ लागते. रक्त गोठू नये म्हणून ती स्वतःचं रसायन सोडते. जागा बदलून पुढे गेली तरी मागची जखम काही वेळ वाहतच राहते.

एक अंकुशकृमी दिवसाला किती रक्त घालवतो? आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या जातीचा एक कृमी सुमारे ०.०३ मिलिलिटर, एका थेंबाहूनही कमी. म्हटलं तर काहीच नाही. पण असे शंभर असले तर दिवसाला तीन मिलिलिटर आणि महिन्याला नव्वद. एका मासिक पाळीत साधारणपणे तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे पोटात शंभर अंकुशकृमी घेऊन वावरणाऱ्या मुलीला महिन्यातून दोन पाळ्या जास्तीच्या आल्यासारखंच झालं, आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही. या कृमीची एक भाऊबंद जात तर याच्या पाचपट रक्त घालवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकी ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. सगळा दोष कृमींचा अर्थातच नाही, आहारातलं लोह कमी पडणं हे मोठं कारण आहेच. पण शाळेत लोहाच्या गोळ्यांच्या जोडीने जंताची गोळी का असते, ते यावरून समजतं. गळकी टाकी नुसती भरत राहून कशी भरेल?

तिसरा चाबूककृमी. तो आपलं बारीक पुढचं टोक मोठ्या आतड्याच्या आतल्या आवरणात ओवून बसतो. त्याच्याकडे पुन्हा येऊ, कारण तो गोळीला सहजासहजी बधत नाही.

आता गोळीकडे. प्राण्यांच्या पेशींच्या आत सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा असतो. इमारतीभोवती बांधलेली बांबूची परांची आठवा. गवंडी तिच्यावरून वर-खाली करतात, पाट्या तिच्यावरूनच जातात, आणि काम सरकेल तशी ती सोडून पुढे बांधतात. पेशीतली ही परांची ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची असते आणि तीही अशीच सतत सुटत आणि बांधली जात असते. अल्बेंडाझोल नेमकं बांबूच्या टोकाला जाऊन चिकटतं. पुढचा बांबू जोडताच येत नाही. जुनी परांची सुटत जाते, नवी उभी राहत नाही. कृमीच्या आतड्यातल्या पेशींना मग साखर शोषून घेता येत नाही. अन्नाच्या ऐन राशीत बसलेला जंत उपाशी पडतो, साठवलेली शिल्लक खातो आणि काही दिवसांत मरतो. गोळी खाल्ल्यावर ‘काहीच पडलं नाही’ अशी तक्रार पुष्कळ आया करतात. पण मेलेला जंत बहुतेक वेळा आतच विरघळून जातो किंवा नकळत निघून जातो. तो दिसायलाच हवा असं नाही.

पण ट्युब्युलिन तर माणसाच्या पेशीतही असतं! मग आपण कसे वाचतो? दोन कारणांनी, आणि दोन्ही थक्क करणारी आहेत. पहिलं, या औषधाची पकड कृमीच्या ट्युब्युलिनवर घट्ट बसते, माणसाच्या ट्युब्युलिनवर फारच सैल. दुसरं, हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे गिळलेल्या मात्रेतला पाच टक्क्यांहूनही कमी भाग रक्तात जातो. बाकी सगळं आतड्यातच राहतं, आणि शत्रू तर तिथेच बसलाय. वजनाचं कोडं इथे सुटतं. गोळीला तुमच्या शरीरभर पसरायचंच नाही, तिचं काम फक्त आतड्याच्या पोकळीत आहे. पंचवीस किलो काय आणि सत्तर किलो काय!

हे औषध आधी जनावरांसाठी तयार झालं. १९७० च्या दशकात मेंढ्यांवर त्याचा गुण दिसला आणि १९८० च्या दशकात ते माणसांच्या हाती आलं. त्याआधी काय होतं ते पाहिलं, की या गोळीची थोरवी कळते. आपल्याकडे वावडिंग होतं, किरमाणी ओवा होता. किरमाणी ओव्यातून काढलेलं सँटोनिन हे एके काळी जगभर जंतावरचं औषध होतं. ते घेतलेल्या रोग्यांना भोवतालचं जग पिवळं दिसू लागे! त्या मानाने आजच्या गोळीनंतर फार तर थोडी मळमळ होते, पोटात कळ येते, एखादी उलटी होते. हा त्रासही ज्याच्या पोटात जंत जास्त त्याला जास्त होतो आणि थोड्या वेळात थांबतो.

आता तपासणी न करता गोळी देण्याचं गणित. जगात सुमारे दीडशे कोटी लोकांच्या पोटात मातीतून येणारे हे जंत आहेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शंभरातल्या वीस किंवा जास्त मुलांना जंत असतील अशा भागात सरसकट सगळ्यांना वर्षातून एकदा गोळी द्यावी, आणि पन्नासच्या वर असतील तर दोनदा, असा तिचा सल्ला आहे. कारण शौच तपासण्याचा खर्च गोळीच्या कितीतरी पट असतो, आणि ज्याच्या पोटात जंत नाहीत त्याला गोळीने अपाय होत नाही. मग शाळेतली ही गोळी ‘डॉक्टरांना न विचारता’ घेतलेली म्हणायची का? मला तसं वाटत नाही. ती देण्याआधी डॉक्टरांनी विचार करून ठेवलेला असतो. मात्रा किती, वय कोणतं, आजारी मुलाला थांबवायचं, त्रास झाला तर काय करायचं, हे सगळं शिक्षकांना आणि आशाताईंना शिकवलेलं असतं. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळीमागे यातलं काहीच उभं नसतं.

आणि याच गोळीची दुसरी बाजू आता पाहा.

डुकराच्या मांसातून येणारा एक पट्टकृमी आहे. कच्चं राहिलेलं मांस खाल्लं तर तो आतड्यात वाढतो. पण अशा माणसाच्या शौचातली अंडी जर कुणाच्या तोंडात गेली, घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या भाजीवरून, तर गोष्ट पार बदलते. अंड्यातून निघालेली अळी रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत जाऊन बसते आणि स्वतःभोवती पुटकुळी करून राहते. म्हणजे जन्मात कधी मांसाला हात न लावलेल्या माणसाच्या मेंदूत डुकराच्या कृमीची अळी असू शकते! आपल्या देशात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

यावर औषध कोणतं? तेच, अल्बेंडाझोल! पण आता ते वजनावर मोजून, दिवसातून दोनदा, कित्येक दिवस द्यावं लागतं, आणि मुद्दाम स्निग्ध जेवणाबरोबर. तुपातेलाच्या जेवणासोबत ते सुमारे पाचपट जास्त शोषलं जातं, आणि इथे ते रक्तात जायलाच हवं असतं. शाळेत जी त्याची उणीव सोयीची होती, तीच इथे भरून काढावी लागते. शिवाय मेंदूतली अळी मरते तेव्हा भोवती सूज येते. सूज आली की फिट येऊ शकते, अळी डोळ्यात असेल तर नजर जाऊ शकते. म्हणून आधी स्कॅन, डोळ्यांची तपासणी, मग सूज दाबणारं स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीने हे औषध. ज्याला कधी फिट आली आहे, ज्याचं डोकं दिवसेंदिवस दुखतं, त्याने ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये ती याचसाठी. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि फिटवरची औषधं चालू असलेल्यांनीही विचारूनच घ्यावी, कारण हे औषध यकृतात बदलतं आणि काही फिटच्या गोळ्या त्याचा जोर कमी करतात. आणि मुलींनो, गर्भाची शक्यता असेल तर पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही. अठराच्या आत लग्न झालेल्या मुली आजही आपल्या गावांत आहेत, म्हणून हे स्पष्ट लिहायलाच हवं.

सोळा वर्षांच्या मुलाचा खरा धोका मात्र गोळीत नाही, तो निदानात आहे. पोट दुखलं की जंत, रात्री दात खाल्ले की जंत, गोड खाल्लं की जंत, असं घराघरांत म्हणतात. साखरेतून जंत होत नाहीत, अंडं किंवा अळी आत शिरल्याशिवाय ते होणारच नाहीत. दात खाण्यावरून तर काहीच ठरत नाही. उजव्या कुशीत दुखत असलेलं अपेंडिक्स या गोळीने बरं होत नाही, फक्त वेळ जातो. चेहरा फिका पडला असेल, दम लागत असेल, वजन उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि शौच तपासायचं असतं. रात्री गुदद्वारापाशी खाज सुटते ती सुताएवढ्या बारीक पांढऱ्या कृमींची. त्यांना मातीची गरजच नसते, ते नखांतून, चादरींतून घरभर पसरतात. तिथे दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांना औषध द्यावं लागतं. एकट्या मुलाने एक गोळी खाऊन ते जात नाहीत. आणि चाबूककृमी? एका गोळीने गोलकृमी दहापैकी नऊ जणांचा जातो, चाबूककृमी मात्र साधारण तिघांचाच. बाकीच्यांनी काय करायचं ते डॉक्टरच सांगू शकतात.

‘मग दर महिन्याला एक खाल्ली तर?’ नको. मेंढपाळांनी हे करून पाहिलंय. कळपांना वारंवार हीच औषधं दिल्यावर मेंढ्यांच्या पोटातले जंत बदलले. ट्युब्युलिनच्या लांबलचक साखळीतलं एक, फक्त एक अमिनो आम्ल बदललं आणि औषधाची पकड सुटली. आज जगातल्या अनेक भागांत मेंढ्यांच्या जंतांवर ही औषधं चालत नाहीत. माणसाच्या जंतांनी तो धडा गिरवू नये, हे आपल्याच हातात आहे.

सरसकट गोळ्यांचा फायदा किती, यावर शास्त्रज्ञ जोरात भांडले आहेत. केनियातल्या बुसिया भागात एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी ७५ शाळांत केलेल्या अभ्यासात मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्श्याने घटली. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. उलट उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख लहान मुलांवर झालेल्या प्रचंड अभ्यासात मृत्यूंवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. मला दोन्ही खरं वाटतं. ज्यांच्या पोटात जंत नाहीत त्यांना गोळीने काही मिळत नाही, त्यामुळे सरासरी खाली येते. ज्या मुलीच्या पोटात शंभर अंकुशकृमी आहेत, तिला मात्र ती गोळी रक्त परत देते. इतक्या स्वस्तात एवढं कोण देतं?

म्हणून शाळेत गोळी मिळेल त्या दिवशी ती घ्या, शिक्षकांसमोर चावून खा. त्या दिवशी ताप असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर तसं सांगा आणि आठवड्याभरात येणाऱ्या, राहून गेलेल्या मुलांसाठीच्या ‘मॉप-अप’ दिनी घ्या. शाळा सुटली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. काही दुखतंखुपतंय म्हणून गोळी हवीशी वाटत असेल, तर तीच डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे.

आणखी एक विनंती, पालकांना आणि शिक्षकांना. गोळी मातीतल्या अंड्यांना हात लावत नाही, आणि गोलकृमीचं अंडं मातीत वर्षानुवर्षं तग धरतं. कोइनोंच्या जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर निम्म्याहून जास्त लोकांच्या पोटात गोलकृमी होता. १९७० च्या दशकापर्यंत तो जवळजवळ नाहीसा झाला, कारण शाळाशाळांतल्या तपासण्या आणि औषधांच्या जोडीला तिथे चांगले संडास आले, मैला शेतात जायचा थांबला. पुढच्या पालकसभेत उभं राहून एवढंच विचारा: मुलींच्या संडासात पाणी येतं का, आणि हात धुवायच्या नळापाशी साबण आहे का?